गफ्फार म्हणजे काय

डोमा माइकपाशी गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता खरं भाषण होईल. खाणीत ड्रिल मशीन चालवून त्याचा आवाज असा झाला होता की त्याला माइक लागतच नव्हता.

"गफ्फारभाईनं मले एक डाव..." तो म्हणाला आणि थांबला. समोर त्याची बायको पार्वताबाई बसली होती. "म्हंजे... मानूस लय चांगला आहे," असं म्हणून तो खाली येऊन बसला.

चिखल्याच्या खाण कॉलनीतल्या दवाखान्याचे कंपाउंडर गफ्फारभाई रिटायर होत होते. समाजमंदिरात खुर्च्या पुरल्या नव्हत्या, एवढी माणसं आली होती. डोमाच्या आधी शकुनबाई उठली होती. "माह्या रश्मीच्या वक्ताले," एवढं ती बोलली, लेकीनं झटकन मान वर केली, आणि तिचंही भाषण 'चांगला मानूस'वरच आटोपलं.

"अरे, ठरवून आले का सारे?" सूत्रसंचालन करणारा अनुप म्हणाला. हशा पिकला.

रुकय्याबी हसल्या नाहीत. नवऱ्याशेजारी, पहिल्या रांगेत त्या नवी साडी नेसून बसल्या होत्या. बाजूच्या कुंताबाईला हळूच म्हणाल्या, "रातबेरात उठून जाये हा मानूस. घरी विचारलं तं एक सबद सांगे नाही. अन् आज याच्यासाठी दोन गोठी बोलाले कोनी नाही, बाई."

मागे बसलेल्या दादाजी रामटेक्यांना ते ऐकू आलं. दादाजी म्हणजे निवृत्त मास्तर, पण चार मोठ्या माणसांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडाला कोरड पडे. आज मात्र त्यांनी स्वतःच हात वर केला. गफ्फारभाईंच्या नावाचा अर्थ विचारायला ते मुद्दाम तुमसरच्या मौलानांकडे जाऊन आले होते.

"गफ्फार हे अल्लाच्या नावांपैकी एक," माइकपासून जरा लांबच उभे राहून ते म्हणाले. "माफ करणारा. एकदाच नाही, घडीघडी माफ करणारा. मौलानासाहेब सांगत होते, या शब्दाच्या मुळाशी 'झाकणं' हा अर्थ आहे. लढाईत डोक्यावर लोखंडी टोप घालत, त्याचं अरबी नावही याच मुळातून आलं. तो डोकं झाकतो, वार स्वतःवर घेतो."

"म्हंजे आपलं हेल्मेट," खालून डोमा म्हणाला.

"हो, हेल्मेटच. म्हणून माणसाचं नाव नुसतं गफ्फार ठेवत नाहीत. अब्दुल गफ्फार ठेवतात. त्या झाकणाऱ्याचा सेवक."

"एखादं उदाहरण द्या न, गुरुजी," अनुप म्हणाला.

उदाहरण दादाजींच्या ओठांवर होतं. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांच्या मुलानं, धर्मेंद्रनं, फवारणीच्या औषधाची बाटली तोंडाला लावली होती. गफ्फारभाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला तुमसरच्या मोठ्या दवाखान्यात पोचवलं, आणि परत आल्यावर कॉलनीत कोणाला वाससुद्धा लागू दिला नाही. एवढं सांगितलं असतं तर रुकय्याबींना कळलं असतं, आपला नवरा कोण आहे. पण पलीकडे, दाराजवळ, धर्मेंद्र बसला होता. शेजारी त्याची नवी नवरी उर्वशी.

दादाजींनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला.

"उदाहरण देता येत नाही," ते म्हणाले, आणि हात जोडून खाली आले. आपणही मातीच खाल्ली, असं त्यांना वाटलं.

रुकय्याबींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग डोमाकडे. मग शकुनबाईकडे. कोणीच नजर वर करत नव्हतं.

"आता गफ्फारभाऊच सांगतील," अनुपनं माइक त्यांच्या हातात दिला. "सांगा भाऊ, दवाखान्यातल्या आठवणी. एकेकाच्या!"

डोमानं डोळे मिटून घेतले.

गफ्फारभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सगळ्या रांगांवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

"आठवनी कायच्या, बाबू," ते म्हणाले. "मी होतो तवरी चिखल्यात खोकल्याबिगर कोनाले काही झालंच नाही."

मग डोमा खोकला. शकुनबाई खोकली. रांगारांगांतून, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसांतून खोकला पसरत गेला. दाराजवळून धर्मेंद्रचा ऐकू आला, तेव्हा दादाजींनाही राहवलं नाही.

आणि सगळ्यात शेवटी, पहिल्या रांगेतून, पदराआडून, रुकय्याबी खोकल्या.