बिननावाचं मऊ हाड

या, जरा जवळ सरकून बसा. आमच्या गावच्या कीर्तनकार मुलीची गोष्ट सांगते.

लहानपणी पडून तिचं नाक बसलं होतं. ते उंच करायला डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या: सिलिकॉन, तिच्याच बरगडीचं मऊ हाड किंवा मेलेल्या दात्याचं. सिलिकॉन सरकेल आणि बरगडी कापली तर कीर्तनात दम कमी पडेल, म्हणून तिनं दात्याचं निवडलं.

आई हौसाबाईनं डॉक्टरांना विचारलं, "कुणाचं हो हे?"

"नाव सांगत नाहीत, मावशी. नियम आहे."

"लपवण्यासारखं काही असल्याशिवाय कोण नाव लपवतं? बेवारशी मढ्यातनं काढलं असेल. माझ्या लेकीच्या तोंडावर नको."

"घरच्यांनी राजीखुशीनं दिलंय."

"तुम्ही तर असंच म्हणणार."

मुलगी हळूच म्हणाली, "आई, सप्ताहाच्या पंगतीला तू गहू दिलेस, पण फळ्यावर नाव लिहू दिलं नाहीस. तेव्हा तू काय लपवत होतीस गं?"

हौसाबाई पदराचं टोक पिळत राहिली. मग सहीसाठी तिनंच पेन लेकीच्या हातात दिलं.

आता ती नव्या नाकानं, पुऱ्या दमानं कीर्तनाला उभी राहते. तिला ऐकाल तेव्हा त्या बिननावाच्या माणसाचीही आठवण काढा.