पोतंभर माती

धाकट्या लेकीने पाळलेला टॅरँट्युला, तळहाताएवढा केसाळ कोळी, बाबांना डोळ्यांसमोर नको असायचा. त्याच्या काचेच्या पेटीत अंथरायला तिने नर्सरीतून स्वस्तात बिनखताची पोतंभर माती आणून बाल्कनीत ठेवली होती. काल तिने पेटीतली माती बदलली. आज कोळी पाय पोटाशी मुडपून मेलेला दिसला. तिने धावत जाऊन पोत्यात हात घातला, तर बोटांना पांढरी पावडर लागली.

"बाबा, यात विषारी पावडर तुम्ही टाकलीत?"

"हो."

"मुक्या जिवाला मारताना लाज नाही वाटली?" ती ओरडली. "एवढा खुपत होता, तर मलाच घराबाहेर काढायचं होतं!"

बाबा पेटीजवळ खाली बसले.

"मातीत मुंग्या झाल्या होत्या गं. त्याला चावतील म्हणून टाकली."