थांबलेली आग

मधुमेहापायी दोन वर्षं शिंप्याच्या तळपायांची नुसती आग व्हायची. पायावर चादरसुद्धा सोसवत नसे. गेल्या आठवड्यात ती एकाएकी थांबली. तो हरखला, पण बायकोच्या जिवाला घोर लागला. "औषध तेच, मग गुण आला कसा?" म्हणत तिने त्याला दवाखान्यात आणलंच.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आडवं करून डोळे मिटायला लावले. "पायाच्या बोटांना टोचलं, की 'हो' म्हणा."

तो श्वास रोखून वाट पाहत राहिला. शेवटी त्याला राहवेना.

"टोचा की, बाई! शिंपी आहे मी, सुईला कसला भितोय?"

बायकोने त्याचा हात घट्ट धरला.

"अहो, त्या केव्हाच्या टोचतायत."