जाळीवरचा ताण

अंग बाहेर यायचं म्हणून द्वारकाबाईंचं ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली. घरी येऊन त्यांनी हंडा उचलला, तोच दवाखान्यातून फोन आला, "आजी, जड उचलू नका!"

"तूच चुगली केलीस," त्या सुनेवर उखडल्या.

"मी कशाला करू, आत्याबाई? ताण पडला की तुमच्या आतली जाळीच कळवते त्यांना."

त्यांना ते पटेना. सून बाजारात जाताच त्यांनी मोरीत जाऊन कडी घातली. तरुणपणी सासूच्या जाचात त्या इथंच नळ सोडून रडायच्या. कधी कुणाला पत्ता लागला नव्हता. सूनही आपल्यावर पाळत ठेवते, या विचारानं आज पुन्हा हुंदका फुटला.

कमरेला खोचलेला फोन वाजला. "आजी, रडताय का?" नर्सनं विचारलं.

"खोकला आलाय."

"नाही आजी," ती हळूच म्हणाली, "खोकल्याचा ताण असा नसतो."