आडवा उजेड

"वहिनी, दिवा खाली घ्या. अजून थोडा खाली," कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता नाणेसंग्राहक मंडळाचा चिटणीस म्हणाला.

तिने दिवा होता तिथेच धरून ठेवला. जेवणाच्या टेबलावर काळं मखमली कापड, त्यावर खोडरबर आणि खोडरबरावर ते चांदीचं नाणं. वर स्टँडला उलटा टांगलेला कॅमेरा. पडदे ओढलेले, त्यामुळे खोलीत उजेड होता तो दिव्याचाच. दिव्याच्या दांडीचा स्क्रू ऐनवेळी ढिला झाला आणि तो धरून उभं राहायचं काम तिच्या गळ्यात पडलं. सकाळपासून बाकीची नाणी तिने निमूटपणे पार पाडली होती. हे शेवटचं. नवऱ्याने ते बाहेर काढलंच नव्हतं. विसरले असतील, असं समजून चिटणीसानेच त्याची आठवण करून दिली. मंडळाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याला हेच हवं होतं.

आणि नेमकं हेच खोटं होतं.

खरं नाणं तिने गेल्या वर्षी विकलं होतं, धाकट्या भावाच्या ऑपरेशनसाठी. त्या भावाचं नाव काढायची घरात सोय नव्हती. एकदा त्याने बहिणीच्या नवऱ्याची ओळख सांगून कुणाच्या तरी गळ्यात बनावट नाणं मारलं होतं. नवऱ्याची अख्खी हयात बनावट नाणी पकडण्यात गेलेली. मंडळात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "माझ्यापुरता तो मेला," म्हणून त्याने मेव्हण्याला दार बंद केलं. पुढे भाऊ खरोखरच मरायला टेकला, तेव्हा तिने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? तिने गुपचूप कपाट उघडलं.

नक्कल करून देणारा कारागीर बेरकी होता. "एरवी कुणाच्या बापाला कळणार नाही, ताई," तो म्हणाला होता. "फक्त दिवा आडवा धरू नका. खरं नाणं ठशाने पाडलेलं असतं, हे साच्यात ओतलंय. उजेड आडवा पडला की बारीक बारीक खड्डे दिसतात."

"हात दुखायला लागला वाटतं. द्या इकडे, मी धरतो," चिटणीस म्हणाला.

"नको, नको. धरते मी."

दुसऱ्याच्या हाती दिवा गेला तर संपलंच. तिने तो बोटभर खाली घेतला. नाण्यावरच्या अक्षरांच्या सावल्या लांबल्या. कॅमेऱ्यातलं चित्र लॅपटॉपवर मोठं होऊन दिसत होतं, आणि लॅपटॉपसमोर नवरा बसला होता. आता भावासारखंच आपल्यालाही दार बंद होणार, असं तिला वाटलं.

"अजून खाली, वहिनी. पार टेबलाला टेकवा."

तिने डोळे मिटले आणि दिवा टेकवला.

खट्‌ आवाज झाला. तिने डोळे उघडले तर दिवा विझला होता. नवऱ्याने त्याचं बटण बंद केलं होतं.

"बस झालं," तो म्हणाला. "हे पुस्तकात जाणार नाही."

"अहो सर, पण मुखपृष्ठ!"

"दुसरं कुठलंही घ्या."

चिटणीस काही कच्चा गडी नव्हता. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "सर, नाण्यात काही खोट आहे का?"

या माणसाने नाण्याच्या बाबतीत सख्ख्या मित्रांचीही भीड ठेवली नव्हती.

"खोट कसली? माझं नाणं, माझी मर्जी. मन बदललं."

चिटणीस तोंड पाडून कॅमेरा आवरायला लागला. चहालासुद्धा न थांबता तो गेला. ती अजून विझलेला दिवा धरूनच उभी होती. नवऱ्याने पडदे बाजूला सारले. नाणं उचलून त्याच्या डबीत घातलं आणि डबी तिच्यापुढे केली.

"ठेव जागेवर."

तिने डबी घेतली. "अहो, मी..."

तो खिडकीकडे वळला होता.

"हिंडतो-फिरतो ना आता तुझा भाऊ?" त्याने विचारलं.