दिमितारच्या सणाआधी

"कुऱ्हाड घे. दादाचं डोकं फोड."

वेल्कोनं कानात कोंबलेली लोकर आणखी आत दाबली. अंथरुणाला पाठ टेकली की आवाज सुरू व्हायचा. घोगरा, कुजबुजता, ना बाईचा ना बाप्याचा. वसंतात प्लोव्दिवच्या इस्पितळातून सुटला तेव्हा जुने आवाज गोळ्यांनी पार गप्प झाले होते. हा मेला नवाच उपटला होता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "काहीही म्हणू दे, उत्तर द्यायचं नाही." वेल्को उत्तर देत नसे. मेंढ्यांची नावं पुटपुटत पडायचा. पण भीती वाटायची, फार वाटायची. आईबाप गेल्यावर दादानं, रादूलनं, त्याला वाढवलं होतं. त्याच्यावरच हात उचलला गेला तर?

म्हणून उन्हाळ्यात तो स्वतःच कुऱ्हाड घेऊन दादापुढं उभा राहिला. "दादा, ही लपव. आणि झोपताना मला बाहेरून कडी घाल."

रादूल खो खो हसला. "अरे येड्या, माझ्या डोक्यापर्यंत पोचायला तुला आधी स्टूल लागेल! दे तुझ्या वहिनीकडं. कडीही तीच घालेल."

तेव्हापासून झेच्कावहिनी रोज झोप लागावी म्हणून लिपाच्या झाडाच्या फुलांचा काढा आणून द्यायची आणि जाताना कडी घालायची. कडी वाजल्याशिवाय वेल्को डोळे मिटत नसे.

रादूल रोज गुत्त्यावर जायचा. रविवारी मात्र घरीच, स्वयंपाकघरात राकिया ढोसत बसायचा. त्या दिवशी आवाज येत नसे. दादाला तोही टरकतो, असं वेल्कोला वाटे, आणि जरा बरं वाटे.

वहिनी मुलखाची धांदरट. कधी गायीचं शिंग लागायचं, कधी जिन्यावरून पाय घसरायचा. गेल्या साली थंडी सोसेना म्हणून ऑक्टोबरअखेरच्या संत दिमितारच्या सणाआधीच तिनं शेगडी पेटवली, तेव्हा तर बोटं दारात चिरडली. सणाआधी घरात शेगडी पेटवायची नाही, हा बापजाद्यांचा नेम. रादूल नेमाचा पक्का.

आज तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. "बादली लागली," जेवण वाढताना ती म्हणाली.

"नुसता ऐकतोस काय? हाण! मेंदू बाहेर येऊ दे त्याचा!" आज आवाज थांबेचना. रडकुंडीला आल्यासारखा मागेच लागला होता.

वेल्कोला कापरं भरलं. हिव की भीती, त्यालाच कळेना. शेगडी भिंतीत बांधलेली होती. तिचं एक तोंड त्याच्या खाटेशी, दुसरं पलीकडं स्वयंपाकघरात. सणाला अजून आठवडा होता. दादा शिव्या घालील तर घालू दे, म्हणत त्यानं पाइनची सुकी बोंडं आत सारली आणि काडी ओढली. वर्षभरात धुराडं कुणी झाडलं नव्हतं. सगळा धूर पलीकडं वळला.

"फोड त्याला, फो..."

आणि आवाजाला खोकल्याची उबळ आली.

वेल्को उठून बसला. इतक्या महिन्यांत आवाज कधी खोकला नव्हता.

दार उघडलं. वहिनी काढा घेऊन आली. एक डोळा सुजलेला, दुसरा धुरानं लाल. ओठांभोवती काजळी. जाळ पाहून तिनं पेला तसाच जमिनीवर टेकवला.

"विझव रे बाबा, पाया पडते. त्यानं पाहिलं तर आज माझा जीवच घेईल."

वेल्कोनं तिच्या वाकड्या बोटांकडं पाहिलं. कानातली लोकर काढून जाळात टाकली. मग पहिल्यांदाच त्यानं आवाजाला उत्तर दिलं.

"वहिनी, आज कडी घालू नकोस."