डावा रेणू

योगिताच्या प्रयोगात औषधाचा रेणू दोन रूपांत तयार व्हायचा, डाव्या आणि उजव्या तळहातासारखा. दिवाळीपासून दोन्ही रूपं निम्मीनिम्मी निघत होती. आज तिने डावं-उजवं ओळखणारं फॉस्फोरिक आम्ल चिमूटभर टाकलं आणि आलेखावर एकच, डाव्या रूपाचं उंच शिखर उभं राहिलं.

संध्याकाळी गोडादरा वस्तीतल्या घरी, पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून कामावरून आलेल्या वडिलांना, आप्पांना, तिने दोन्ही हात समोर धरून हे समजावलं.

"म्हणजे ते आम्ल उजव्याला मारून टाकतं?"

"नाही आप्पा. ते रेणूला कुशीत घेतल्यासारखं धरतं. त्या कुशीत डावंच नीट बसतं, म्हणून तेच तयार होतं. मग आम्ल त्याला सोडून देतं आणि स्वतः होतं तसंच राहतं."

"बळजबरी नही?"

"अजिबात नाही."

आप्पा तिच्या हातांकडे पाहत राहिले. लहानपणी जेवताना तिचा डावा हात पुढे आला की तेच साडीच्या काठाच्या चिंधीने तो पाठीमागे बांधायचे.

"अन् डावं कामनं शे?"

"कामाचंच आहे, आप्पा. या औषधाला डावंच लागतं."

ते उठले. तिने आणलेले पेढे देवापुढे ठेवून त्यांनी हात जोडले आणि एक पेढा उचलला. प्रसाद घ्यायला योगिताने सवयीने उजवा हात पुढे केला. आप्पांनी तो हलकेच बाजूला सारला आणि पेढा तिच्या डाव्या तळहातावर ठेवला.